न सरकणारा ठिपका

सूर्यावरचे डाग चालतात. सूर्य स्वतःभोवती फिरतो आणि डाग त्याच्याबरोबर एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकतात. जो सरकत नाही तो डागच नव्हे, ती भिंगावरची धूळ. इंडोनेशियातल्या मलांग शहराच्या वरच्या डोंगरावरच्या वेधशाळेत नव्या माणसाला कॉफी पाजण्याआधी हे शिकवतात.

तिथल्या वेनिंगने हाच नियम आपल्या प्रोग्रामात घातला होता. जगभरच्या वेधशाळांचे फोटो गोळा करायचे, न सरकणारं सगळं पुसायचं, भोवतालच्या उजेडाने ती जागा भरायची आणि सूर्याचा सलग चित्रपट सगळ्यांना घरबसल्या पाहायला द्यायचा. दोन वर्षं तिने त्यात जीव ओतला होता. आज दुपारी उद्घाटन. स्वयंपाकघरात पिवळ्या भाताचा उंच शंकू, तुंपेंग, रचला जात होता, आणि ही बया पुसणी बंद करून मूळ फोटो बघत बसली होती.

डाव्या अंगाला, खाली, एक ठिपका होता. कितीही दिवस मागे गेलं तरी जागचा हलत नव्हता.

"पाक मार्सुदी," तिने दुर्बीण सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांना हाक मारली, "भिंग पुसलंत की नुसती फुंकर मारलीत?"

"सकाळीच पुसलंय. आधी तुझा चष्मा पूस!"

तिने चिलीचे फोटो उघडले. ठिपका तिथेच. स्पेनच्या फोटोंतही तिथेच. मग उपग्रहाचे पाहिले. तिकडे कुठली आलीय धूळ? तरीही तिथेच. आपल्याच प्रोग्रामाने एका फोटोतली घाण सगळ्यांना फासली असेल म्हणून तिने एकेक फोटो त्या त्या वेधशाळेकडून थेट मागवला. ठिपका प्रत्येकात होता.

प्रमुख बाई, बू हार्तिनी, दारातूनच म्हणाल्या, "पुसणी चालू कर. पाहुणे घाटात पोचले."

"बू, धूळ सगळीकडे एकाच जागी कशी बसेल? आता सगळे आपलेच फोटो वापरणार. आपण पुसलं तर हे कुणालाच दिसणार नाही."

"तेच तर हवंय! मंत्र्यांना डागाळलेला सूर्य दाखवतेस? मग उद्घाटन रद्द, आणि तुझा प्रोग्राम कायमचा कपाटात. बोल."

वेनिंगने पुसणी चालू केली. दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालायला ती भ्याली, खोटं कशाला बोला.

मग ती घुमटात गेली. पाक मार्सुदींनी दुर्बिणीतून सूर्य पांढऱ्या कागदावर पाडला होता. ठिपका तिथेही होता. त्यांनी डोळ्याकडची नळी गोल फिरवली. काचेवर धूळ असती तर तीही फिरली असती. ठिपका ढिम्म. सकाळपेक्षा मात्र चांगलाच मोठा.

"बाजूला सरकत नाही, नुसता वाढतोय," ते हळूच म्हणाले. "मोटरसायकलवर असताना समोरून अंगावर येणारा ट्रक असाच दिसतो."

वेनिंग धावत खाली आली. दिवाणखान्यात टाळ्या चालल्या होत्या. "वा! एकही डाग नाही!" पाहुणे म्हणत होते. तिने माउसकडे हात नेला, तर बू हार्तिनींनी हसतहसत तिचं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर ताजे फोटो येत होते आणि प्रोग्राम इमानेइतबारे पुसत होता, भरत होता. सूर्य जास्तच गुळगुळीत होत चालला होता, तुपासारखा. बाहेर, भर दुपारी, अंगणातल्या कोंबड्या रांगेने फणसावर झोपायला चढत होत्या.

"वेनिंग," पडद्यावरची नजर न काढता बू हार्तिनी म्हणाल्या, "दिवे लाव बाई. पाहुण्यांना ताटातलं दिसत नाहीये."