यिंतेचं तिसरं प्रमाणपत्र

आठ वर्षांच्या यिंतेकडे पोहण्याची तिन्ही प्रमाणपत्रं होती, म्हणून बंगल्यातल्या सहा मोठ्या माणसांपैकी कुणाचंच तिच्यावर लक्ष नव्हतं. हॉलंडमध्ये जिकडेतिकडे कालवे. मूल जरा मोठं झालं की त्याला पोहण्याच्या तलावावर घालतात. अंगात कपडे आणि पायांत बूट घालून पोहायला लावतात, बुडी मारून पाण्याखाली टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे जायला लावतात. तिसरं प्रमाणपत्र हाती आलं की आईबापांचा जीव भांड्यात पडतो.

वीत्स्केआजीनं चाळीस वर्षं हेच शिकवलं होतं. यिंते तिची नात आणि तिचीच शिष्या.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन कुटुंबांनी मिळून पोर्तुगालच्या किनाऱ्यावर तो बंगला घेतला होता. पहिल्या सकाळी सगळे गच्चीवर लोणी लावलेल्या पावावर घरून आणलेले चॉकलेटचे दाणे भुरभुरवत बसले होते. यिंते खाली वाळूवर पळाली, तेव्हा तिच्या आईनं, फेम्केनं, कुणी बरोबर जायचं का असं विचारलं. आजीचा जावई, यिंतेचा बाप योरिट हसून म्हणाला, "समुद्रानं अडवलंच, तर प्रमाणपत्र दाखव म्हणावं." आजीही हसली.

थोड्या वेळानं नातीचा पंचा राहिलेला दिसला, म्हणून ती तो घेऊन उतरली.

दोन्हीकडे लाटा फुटत होत्या. मधला एकच पट्टा गडद आणि गुळगुळीत होता. पोरीनं शांत पाणी म्हणून नेमका तोच निवडला होता. तिथून पाणी परत समुद्रात ओढलं जात होतं. यिंते काठाकडे तोंड करून अगदी सुबक हात मारत होती आणि प्रत्येक हाताला मागे जात होती.

काठावर नजर ठेव, हात थांबवू नकोस, हे आजीनंच शेकडो मुलांकडून घोकून घेतलं होतं. तलावाचा काठ जागचा हलत नाही. ही पोर आज्ञाधारक होती. ती दमून बुडेपर्यंत हात मारत राहिली असती.

आजीनं हाका मारल्या. वाऱ्यानं त्या मागे फेकल्या. पण त्या ऐकून योरिट धावत आला आणि सदरा काढत थेट पाण्याकडे निघाला. आजीनं त्याचा दंड धरला.

"सोडा आई."

"नाही सोडणार. तू आत गेलास तर फेम्केची दोन माणसं जातील. तिकडे बघ, ती बाई फळ्या पुसतेय. लाटांवरची फळी चालवायला शिकवणारी दिसतेय. तिला घेऊन ये, पळ."

जीवरक्षक जूनमध्ये येणार होते. त्यांच्या टपरीला कुलूप होतं. योरिट पळाला.

आजी घोटाभर पाण्यात उभी राहिली. तलावावरच्या कल्लोळात तिचा आवाज पोचत नसे, तेव्हा ती दोन्ही हात पसरून मान मागे टाकायची. म्हणजे उताणी हो, पाण्यावर पडून राहा. तिनं तसं केलं. पुन्हा केलं. सहाव्यांदा की सातव्यांदा यिंतेचे हात थांबले आणि तिचा चेहरा आकाशाकडे वळला.

आणि ती आणखी वेगानं दूर गेली.

आपण चुकलो की काय? पोर निदान धडपडत तरी होती, ती धडपडही आपणच काढून घेतली. पिवळा पोहण्याचा पोशाख लाटेआड गेला. आजीचे हात तसेच पसरलेले राहिले, खाली येईनात. पोशाख दिसला, पुन्हा गेला. मग बराच वेळ दिसलाच नाही.

जिथे लाटा फुटायला लागतात त्याच्या पलीकडे ओढ संपली. तिथे पाण्यावर एक पिवळा ठिपका नुसताच डोलत होता. फळीवरची बाई तिकडेच चालली होती. तिनं यिंतेला फळीवर घेतलं आणि सरळ न येता लांबून, आडव्या वाटेनं काठाला आणलं.

योरिटनं लेकीला पंच्यात गुंडाळलं. आजी शेजारी वाळूतच बसली.

"आजी," निळ्या ओठांनी यिंते म्हणाली, "मी मध्येच थांबले. आता प्रमाणपत्र परत घेतील?"

"मीच तुला थांब म्हटलं."

"तलावात तर कधी म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले," आजी म्हणाली. "ते शिकवायचं माझं राहून गेलं."