अर्धा लिटर दूध

रूसे गावाबाहेर, डॅन्यूबच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही ट्रक आणि टँकर धुतो. फक्त बाहेरून. आत काय भरलंय ते ड्रायव्हर जाणे. एकेका कंपनीच्या गाड्या दर पंधरवड्याला ठरल्या दिवशी येतात, रांगेत उभ्या राहतात, आणि मी, त्सोना, बावीस वर्षं त्यांच्या पोटावरून ब्रश फिरवतेय.

टँकरच्या स्टीलवर नुसत्या साबणाचं काही चालत नाही. रस्त्यावरच्या मिठाचे डाग काढायला ॲसिड लागतं. ते वीसपट पाण्यात मिसळायचं, खालून वर मारायचं आणि सुकायच्या आत धुऊन टाकायचं. हे काम करणाऱ्याला रोज अर्धा लिटर दूध मिळतं. आमच्याकडची ही जुनी रीत. माझी आई बॅटरीच्या कारखान्यात होती, तिच्या वाट्याचं दूध ती घरी आणायची आणि आम्ही भावंडं त्यावर वाढलो. दुधानं विष मरतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

नेद्को माझ्याबरोबर आठ वर्षं कामाला होता, शिवाय शेजारी. त्या शुक्रवारी त्याचं लक्ष कामात नव्हतंच. त्याच्या पोरीची, रालित्साची, शाळा संपली होती आणि संध्याकाळी सहाला ती नवा झगा घालून शाळेच्या बॉलला, म्हणजे निरोपाच्या नाचाला, निघणार होती. क्लॅरिनेटवाला आणि ढोलवाला सांगून ठेवले होते. बायको इटलीत कुणा म्हातारीची सेवा करते, तिला रजा मिळाली नव्हती. म्हणजे रीतीप्रमाणे पोरीचा हात धरून तिला फाटकाबाहेर न्यायला हा एकटाच.

"मावशी, सूट आणलाय, पण वाकलो की मागून उसवेल बघ," तो म्हणाला.

"मग वाकू नकोस. एक दिवस ताठ राहून बघ, जमतंय का."

ॲसिडच्या पिंपाचा हातपंप आठवडाभर अडकला होता. मालकाला सांगून थकलो होतो. अकराच्या सुमारास नेद्कोनं सूर्यफुलाच्या तेलाच्या टँकरसाठी पिंप मांडीवर टेकवून कलंडवलं. ते घसरलं. न मिसळलेलं ॲसिड त्याच्या दोन्ही मांड्यांवरून थेट बुटात गेलं.

त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, पाइप स्वतःवर धरला आणि विजार काढून फेकली. कातडी जराशी गुलाबी झाली होती, बस.

"भाजतंय का रे?"

"छे! गार वाटतंय."

टँकरचा ड्रायव्हर गेलू, नदीपलीकडचा रुमानियन, धावत आला. त्याला आमची भाषा मोडकीतोडकी येते. "हॉस्पिटल. आत्ता. हे हाड खातं. आमच्याकडे मलम ठेवतात याच्यासाठी."

"आमच्याकडे दूध असतं," मी म्हणाले. "तुझ्या टँकरवर डाग राहिलाय का? नाही ना? मग गप उभा राहा." आमच्या कामात परक्यानं नाक खुपसलेलं मला चालत नाही.

पण नेद्कोचा चेहरा उतरला होता. "मावशी, जाऊन येऊ का? पण गेलो की दिवसभर सोडणार नाहीत. बोट कापलं होतं तेव्हा आठ तास बाकावर बसवून ठेवलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी ठरवायला हवं होतं. मी जा म्हणाले असते तर तो गेला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"दुखत नाही ना? मग डॉक्टरला कसलं कौतुक दाखवायला जातोस? पोरगी फाटकात वाट बघत बसेल. दूध पी."

त्यानं त्याचं दूध प्यायलं. मी माझंही दिलं. अर्धं त्याच्या पोटात गेलं, उरलेल्यात फडकं भिजवून मी त्याच्या मांड्यांवर ठेवलं. तो मिशीवरचं दूध पुसत म्हणाला, "झालो बघ मी तुझं वासरू." मग दुसरी विजार चढवून त्यानं तीन ट्रक धुतले.

सहा वाजता मी त्यांच्या अंगणात होते. रालित्सा हिरव्या झग्यात बाहेर आली आणि क्लॅरिनेट सुरू झालं. नेद्को सुटात उभा होता, पांढराफटक, कपाळावर घाम.

"दुखतंय का रे?" मी त्याच्या कानाशी विचारलं.

"चारपासून. आतून. हाडात. पोरीला सांगू नकोस."

तेव्हा तरी मी ओरडायला हवं होतं. पण समोर ढोल वाजत होता आणि पोरगी हसत होती. मी टाळ्यांनी ताल धरला.

तिचा हात धरून तो फाटकापर्यंत गेला. फाटकाबाहेर गेला. लोकांनी हातात हात धरून फेर धरला, तोही त्यात शिरला, आणि चौथ्या पावलाला रस्त्यातच खाली बसला. सकाळपासूनच ढोसली असणार, असं म्हणून सगळे हसले. त्याला काय झालंय हे माहीत असलेली मी एकटी, आणि मीही हसले.

ॲम्ब्युलन्समध्येच त्याचं हृदय थांबलं.

डॉक्टरीण तरुण होती, दमलेली. हे ॲसिड कातडीतून आत जातं, म्हणाली, रक्तातलं कॅल्शियम खाऊन टाकतं आणि मग हृदय बंद पडतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणसं फसतात. मलम असतं, इंजेक्शन असतं. सकाळीच आणलं असतं तर बहुतेक आज घरी गेला असता.

"अकरा वाजता तिथे कोण होतं?" तिनं विचारलं.

"मी."

"काय दिलंत त्याला?"

रालित्सा माझ्या शेजारीच उभी होती. झग्याची कड चिखलानं भरलेली, नजर माझ्या तोंडावर.

"दूध," मी म्हणाले. "माझंसुद्धा."