माझे पाच मिलिरेम

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. दोन विटांएवढे अंग, वर धरायला मूठ आणि काचेआड एक बारीक काटा. डोळ्यांना न दिसणारे किरण जवळ असले की तो हलतो. तबकडीवर शून्यापासून वीसपर्यंत आकडे आहेत. त्यांच्याखाली बारीक अक्षरात लिहिले आहे, 'मिलिरेम, दर तासाला'.

कारखान्यातून मी थेट एका रुग्णालयात आलो. तिथे कर्करोगाच्या रुग्णांवर किरणांचे उपचार होत. तिथल्या तंत्रज्ञांना सगळे काका म्हणत. उपचार संपला की किरणांचा स्रोत शिशाच्या जाड पेटीत परत जातो. तो खरेच गेला का, हे पाहायला काका मला दाराशी नेत. माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे.

पुढे मापे बदलली. रेम मागे पडला, सिव्हर्ट आला. शंभर रेम म्हणजे एक सिव्हर्ट, आणि माझा एक मिलिरेम म्हणजे दहा मायक्रोसिव्हर्ट. भिंतीवर नवा तक्ता लागला: 'दर तासाला दहा मायक्रोसिव्हर्टच्या वर असल्यास आत जाऊ नये.' काकांनी मला टाकले नाही. ते माझा आकडा मोठ्याने वाचत आणि स्वतःलाच बजावत, "आता दहाने गुणा."

मग काका निवृत्त झाले. नवा मापक आला आणि मी कपाटात गेलो. वर्षातून एकदा मला तपासायला काढत, शिक्का मारत, पुन्हा आत ठेवत. दाराच्या फटीतून मला जाणारे-येणारे पाय दिसत. कपाटापाशी कोणाचे थांबतात का, एवढेच मी बघत असे.

एके सकाळी नवा मापक दुरुस्तीला गेलेला होता. नव्या तंत्रज्ञ ताईंनी मला बाहेर काढले, धूळ पुसली. मला किती बरे वाटले म्हणून सांगू. पहिला रुग्ण येण्याआधी यंत्र रिकाम्या खोलीत चालवून पाहतात. ताईंनी ते चालवले, थांबवले. पडद्यावर अक्षरे आली, 'स्रोत आत'. त्या मला घेऊन दाराशी आल्या. माझा काटा पाचावर गेला.

"पाच. दहाच्या आत आहे," ताई तक्त्याकडे बघत म्हणाल्या. "मावशी, पटकन फरशी पुसून घ्या. पहिले रुग्ण आजोबा बाहेर थांबलेत."

मला ओरडता येत नाही. काटा पाचावर धरून ठेवणे, एवढेच माझ्या हाती होते.

सफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या आणि मला पाहून थबकल्या. "ताई, दहाने गुणलंत का?"

"म्हणजे?"

"हा डबा हातात असला की काका गुणायचे. रोज ऐकलंय मी. कशाला ते नाही ठाऊक, पण गुणायचे."

ताईंनी मला डोळ्यांजवळ नेले. बारीक अक्षरे वाचली आणि दहाने गुणले. पाच मिलिरेम, म्हणजे पन्नास मायक्रोसिव्हर्ट. मर्यादेच्या पाचपट.

"मावशी, मागे या," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

स्रोत पेटीच्या तोंडाशीच अडकला होता. दुरुस्तीला दोन दिवस लागले. आजोबा थोडे कुरकुरले, सोबत आलेल्या लेकीने त्यांना समजावले.

"तुम्ही विचारलं नसतं, तर मी तुम्हाला आत पाठवलं असतं," ताई मावशींना म्हणाल्या.

"विचारायला काय जातंय," मावशी म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

चार दिवस माझे फार कौतुक झाले. मग नवा मापक परत आला आणि माझे कपाट बंद झाले. पुढे वर्षाची तपासणीही थांबली. आता मावशीही निवृत्त झाल्या आहेत.

मित्रांनो, आकडा एकटा असला की तो कोणाच्याच कामाचा नसतो. तो कशाचा आहे, हे दर वेळी विचारा. आणि एक विनंती आहे. त्या चार दिवसांच्या गडबडीत माझी बॅटरी आतच राहिली. ती पाझरू लागली आहे आणि माझ्या तारा हिरव्या पडत चालल्या आहेत. इथून जाताना कोणीतरी कपाट उघडा आणि तेवढी काढून ठेवा.