दवाखान्यातून घरी बाळंतपणाला

दवाखान्याच्या तळघरात, धुलाईच्या यंत्रांच्या पलीकडे एक लांबट खोली होती. फाटलेल्या चादरी, उसवलेले झगे, नाडी तुटलेले पायजमे तिथे येऊन पडायचे, आणि शिवणयंत्रावर बसलेली बाई ते नीट करून वर पाठवायची. अख्खा दवाखाना तिला शिवणताई म्हणायचा. बोलायला गोड, पण एकदा मनाने घेतलं की घेतलं. तिला दिवस राहिले, पोट दिसायला लागलं, आणि एका दुपारी डबा खाता खाता तिने जाहीर केलं, "मी बाळंत होणार ती घरी."

तळघर आधी हसलं. मग तिचा चेहरा बघून सगळ्यांनी डबे बाजूला ठेवले.

"अगं वेडे," इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "जिना चढलीस की बाळंतिणींचा मजला. लोक कुठून कुठून धावत येतात इथे. आणि तू इथली असून घरी जाणार?"

"इथली आहे म्हणूनच. रोज इथेच मरमर करते, आता बाळंतपणालाही कामावरच येऊ? कळा सोसत असेन आणि नजर जाईल चादरीकडे. म्हणेन, अगंबाई, हे ठिगळ तिरकं बसलंय."

मावशींनी इस्त्री आपटली. "तू ना, धन्य आहेस!"

घरी दोन माणसं होती, नवरा आणि सासू. नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. शिकाऊ माणसाने गाडी थेट खांबावर नेली तरी मास्तरांचा आवाज चढत नसे. शांतपणे आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, "पुन्हा एकदा, सावकाश." पण बाळंतपण म्हटलं की याच माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं. "तू म्हणशील तसं," असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी नवीन मत घेऊन घरी यायचे.

"आज त्या केशकर्तनवाल्याची शिकवणी होती. तो म्हणतो, दवाखाना बरा."

"तो तीनदा परीक्षेत नापास झालाय ना?"

"हो, पण ते गाडीच्या."

सासूबाईंबद्दल मात्र सगळ्यांचा अंदाज चुकला. जुन्या वळणाची बाई, तिन्ही मुलं घरीच झालेली, त्या सुनेचीच बाजू घेतील असं शिवणताईने गृहीत धरलं होतं. पण त्यांनी विषय निघताच हातातली पळी खाली ठेवली.

"अजिबात नाही. दवाखान्यात जायचं."

"आई, तुम्ही तर तिन्ही वेळा घरीच..."

"म्हणूनच सांगते. घरी बाळंत होणं म्हणजे काय ते मला विचार. हे तुझे मास्तर दुपारी जन्मले आणि संध्याकाळी मी चुलीपाशी होते. घरात पाहुणे होते. कोणी म्हणालं नाही, बाई गं, पड जरा. भिंतीच्या पलीकडे भांडी वाजत असली की बाईला पडवत नाही. दवाखान्यात कसं, पलंग दुसऱ्याचा, भांडी दुसऱ्याची. तिथे बाई पाहुणी असते. मला नाही मिळालं ते. तुला तरी मिळू दे."

सासू भांडली असती तर उत्तर तयार होतं. माया करणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा?

काही दिवस घर दोन्हीकडून ओढलेल्या कापडासारखं ताणून राहिलं. कोणी कोणाला टाकून बोलत नव्हतं, उलट जरा जास्तच गोड बोलत होतं. मास्तर दोघींच्या मधे बसून चहा पीत आणि चहाकडेच बघत.

शेवटी शिवणताईने सुईणबाईंना घरी बोलावलं. सुईणबाई दवाखान्यातल्याच, रीतसर शिकलेल्या. ज्यांचं सगळं ठीक आहे अशांची बाळंतपणं त्या घरी जाऊनही करत. दोघींची ओळख जुनी. सुईणबाईंच्या झग्याचा खिसा पेनांनी सारखा फाटायचा आणि तो शिवायला त्या स्वतः खाली यायच्या. "तू सुई, मी सुईण," असं म्हणून आपल्याच विनोदावर त्या दर वेळी हसायच्या.

त्यांनी पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, रक्तदाब बघितला, दवाखान्यातले सगळे कागद वाचले. मग पलंगाच्या कडेवर बसून विचारलं, "तब्येतीला काही अडचण दिसत नाही. डोकं खाली आहे, सगळं जागच्या जागी. पण मला खरं सांग, घरी का? चादरीचा विनोद मी ऐकलाय. तो सोडून सांग."

शिवणताईने पडद्याची कड सरळ केली.

"मी लहानपणी या काकांकडे, त्या आत्याकडे अशी वाढले," ती म्हणाली. "कुठेही गेले की कोणाच्या तरी खोलीत माझी वळकटी. कोणी वाईट वागवलं नाही हो, पण खोली कायम दुसऱ्याची. लग्न होऊन इथे आले, तर आईंनी आपली खोली आम्हाला दिली आणि त्या बाहेर निजायला लागल्या. ही माझी पहिली खोली. या खिडकीचे पडदे मी शिवलेत. माझं मूल इथे जन्माला यावं, एवढंच. ते कोणाकडे आलेलं नसावं. ते घरीच असावं."

दारात सासूबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले, पदराने नाक पुसलं आणि नको इतक्या जोरात म्हणाल्या, "चहा निवतोय."

सुईणबाईंनी चहा घेतला आणि आपल्या अटी सांगितल्या. मला किंचितही शंका आली तर लगेच दवाखाना, आणि त्या वेळी कोणी वाद घालायचा नाही. मदतीला दुसरी सुईण येईल. दवाखान्याला आधीपासून कळवून ठेवायचं. "आणि तुमचा जिना अरुंद आहे," त्या मास्तरांना म्हणाल्या. "वेळ आली तर हिला खुर्चीत बसवून खाली नेता आलं पाहिजे. एकदा करून बघा. हिच्यावर नको, दुसऱ्या कोणावर तरी."

त्या रविवारी मास्तरांनी खालच्या मजल्यावरच्या सुताराला हाक मारली. हात असलेली एक भक्कम खुर्ची निघाली. आता त्यात बसणार कोण? सुतार म्हणाला, धान्याचं पोतं ठेवू. सासूबाई म्हणाल्या, "पोत्याला काय कळतंय, भीती वाटते की नाही ते? मी बसते."

त्या बसल्या. मास्तर पुढे, सुतार मागे. पहिल्या वळणावर खुर्ची कलली आणि सासूबाईंनी कठडा घट्ट धरला. "अगं आई, कठडा सोड, मी पुढे कसा जाऊ?" दुसऱ्या वळणाला त्यांना सूर सापडला. हात मांडीवर, मान ताठ. शेजारच्या दारातून डोकावणाऱ्या बाईला त्यांनी हलकेच मान डोलावली, जणू रोज अशाच खाली उतरतात. रस्त्यावर पोचल्यावर सुताराने घाम पुसला आणि म्हणाला, "झालं, जमतंय की. उतरा आता."

"उतरा काय? वर कोण नेणार?"

"आई, वर न्यायची गरज नाही. फक्त खाली..."

"बाळंतीण परत येणार नाही का घरी? ते पण बघायला नको?"

मग दोघांनी त्यांना वर नेलं, धापा टाकत. शिवणताई वरून कठड्याला टेकून बघत होती आणि पोट धरून हसत होती. खुर्ची दारात टेकली तेव्हा सासूबाईंचे गाल लाल झाले होते. त्या उठल्या नाहीत. "उभ्या आयुष्यात मला कोणी उचललं नव्हतं गं," त्या सुनेला म्हणाल्या. मग जरा थांबून, "बरं, घरी तर घरी. पण या घराचा दवाखाना मी करणार. तू भांड्याला हात लावायचा नाहीस. मी सांगेपर्यंत पलंगावरून उतरायचं नाहीस. आणि भेटायला येणाऱ्यांच्या वेळा मी ठरवणार."

"बरं, आई."

"आणि स्वयंपाक हा करेल." हा म्हणजे मास्तर. ते अजून दम खात होते.

शिवणताईची रजा सुरू झाली होती, पण एके दिवशी सकाळी ती तपासणीसाठी दवाखान्यात गेली. सुईणबाईंनी बघितलं, "आज-उद्यातच दिसतंय," म्हणाल्या. एवढं ऐकून घरी जायचं तर ही तळघरात उतरली, मावशींना भेटायला. आणि तिथेच, न शिवलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून उभी असताना, तिच्या कमरेतून पहिली कळ निघाली. मग दुसरी. दोन कळांमधलं अंतर बघून सुईणबाईंना बोलावणं गेलं.

"वर जाऊ या?" मावशींनी शेवटचा प्रयत्न केला. "जिनाच तर आहे."

सुईणबाईंनी पुन्हा ठोके ऐकले. "वेळ आहे. घरी जायला काही हरकत नाही. मी मागून सामान आणि दुसरीला घेऊन येते."

अशा रीतीने ती दवाखान्याच्या मोठ्या दारातून बाहेर निघाली. एका हाताने मावशींचा खांदा धरलेला, दर दहा पावलांवर थांबून फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत. दारावरचा पहारेकरी चाकाची खुर्ची घेऊन धावत आला आणि तिला आत वळवायला लागला.

"अहो दादा, आत नाही, बाहेर!"

"ताई, बाळंतपण आत असतं!"

"माझं बाहेर आहे!"

तेवढ्यात मास्तरांची शिकवणीची गाडी समोर येऊन थांबली. डोक्यावर 'शिकाऊ' अशी मोठी पाटी. सुकाणूवर केशकर्तनवाला. निरोप पोचला तेव्हा त्याची शिकवणी चालू होती. मास्तर खाली उतरले आणि म्हणाले, "सरका, मी चालवतो." पण केशकर्तनवाल्याकडून घेतलेली किल्ली त्यांच्या हातून दोनदा पडली.

"मास्तर," केशकर्तनवाला म्हणाला, "तुम्ही तुमच्या जागेवर बसा. तुमच्या पायाखाली ब्रेक आहेच."

शिवणताई मागे बसली. शेजारी मावशी, त्यांना कोणी चला म्हटलं नव्हतं तरी. तीनदा नापास झालेला तो माणूस गाडी अशी हलकी चालवत गेला, जणू कोणाच्या कानामागून वस्तरा फिरवतोय. प्रत्येक वळणाआधी इशारा, प्रत्येक खड्ड्याआधी हळू. मास्तर सगळा वेळ "छान, छान" म्हणत होते आणि डोळे मिटून बसले होते. कळ ओसरली की शिवणताईला हसू यायचं, हसली की पुढची कळ यायची.

घरी सासूबाईंनी सगळं मांडून ठेवलं होतं. स्वच्छ चादरी, गरम पाणी, दारावर खडूने लिहिलेलं: 'भेटायची वेळ नाही.' मावशींना त्यांनी आत घेतलं, केशकर्तनवाल्याला चहा देऊन वाटेला लावलं. पाठोपाठ सुईणबाईही दुसऱ्या सुईणीला घेऊन पोचल्या.

मग मात्र सगळं मंदावलं. दुपार सरकत गेली, पडद्यांवरचं ऊन भिंतीवर आलं, कळा येत राहिल्या पण पुढे काही सरकेना. शिवणताई थकली. तिने पलंगाचा कठडा धरला आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण हट्ट तर नाही ना केला? आपल्या खोलीच्या हौसेपायी?

"मी चुकले का?" तिने सुईणबाईंना विचारलं. "जाऊ या का तिकडे?"

"ठोके उत्तम आहेत. तूही ठीक आहेस. पहिलटकरणीला लागतो वेळ," सुईणबाई म्हणाल्या. "जावंच लागेल असं काही नाही. पण जायचं असेल तर आत्ता निघू, त्यात चूक-बरोबर काही नाही. तू सांग."

तिने सासूबाईंकडे बघितलं. आता त्या म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. पण त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसत्या म्हणाल्या, "तू म्हणशील तिकडे. तिथे गेलीस तर मी तिथे. इथे राहिलीस तर मी इथे."

हे ऐकल्यावर तिच्या आतली कसलीशी गाठ सैल झाली. तिला कळलं, आता कोणाला काही पटवून द्यायचं राहिलेलं नाही. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. तिने खिडकीकडे बघितलं, एक दीर्घ श्वास घेतला. "इथेच," ती म्हणाली. "पण झोपून नाही. मला उठवा."

सुईणबाईंनी तिला उठवलं. ती मास्तरांच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली, डुलत राहिली. मास्तरांचे हात आता स्थिर होते. "पुन्हा एकदा," ते तिच्या कानात म्हणत होते, "सावकाश." कळांनी पुन्हा जोर धरला. दिवेलागणीच्या आधी, खिडकीत अजून उजेड असताना मुलगी झाली. गुबगुबीत, चिडलेली, खणखणीत आवाजाची. सुईणबाईंनी तिला आईच्या छातीवर ठेवलं, तशी ती गप्प झाली आणि एक डोळा उघडून इकडेतिकडे बघायला लागली.

"बघ बाई बघ," शिवणताई तिला म्हणाली. "तुझीच आहे खोली."

स्वयंपाकघरात मास्तर रडत रडत भांडी घासत होते. मावशी त्यांना पातेली पुसून देत होत्या.

पुढचे दिवस सासूबाईंनी दिलेला शब्द पाळला. सुईणबाई रोज येऊन दोघींना तपासून जायच्या, आणि त्यांनाही दारात पाय पुसायला लावलं जायचं. चौथ्या सकाळी घर शांत होतं. मुलगी झोपली होती, मास्तर शिकवणीला गेले होते. शिवणताईला बरं वाटत होतं. ती हळूच उठली, स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

"कोण आहे तिकडे?" बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"मी, आई. तुम्ही पडा. चहा आणते."

सून मनात म्हणाली, आता येणार तोफ. मग पलंग कुरकुरला, सासूबाईंनी कूस बदलल्यासारखा.

"आण," त्या म्हणाल्या. "साखर जरा जास्त घाल."

शिवणताईने दोन कप भरले आणि बाहेर नेले. सासूबाई उशीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. दोघींनी सावकाश चहा घेतला. आत मुलगी जागी होऊन कुरकुरायला लागली, तरी दोघींपैकी कोणालाच लगेच उठायची घाई झाली नाही.