पोरं बसली की बिघडणारी गाडी

साडेदहा वाजून गेले तरी शाळेची गाडी आली नव्हती. मुख्याध्यापक अनंत गिजरे कार्यालयाच्या दारात आत-बाहेर करत होते. पहिल्या तासाची घंटा होऊन गेली होती आणि वर्गात जेमतेम आठ मुलं होती. बाकीची अकरा मुलं गाडीत होती. गाडी कुठे होती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. साताऱ्यातल्या त्या अपंग मुलांच्या शाळेला अशा सकाळींची आता सवय झाली होती.

ही गाडी शाळेत आली तेव्हा केवढा आनंद झाला होता! विट्याचे बाळासो दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळण्याचं दुकान चालवत. त्यांचा पुतण्या पोलिओमुळे अधू होता. म्हणून मुंबईतल्या एका परदेशी कंपनीच्या लिलावातून त्यांनी ही जुनी जपानी व्हॅन घेतली आणि शाळेला देऊन टाकली. १९९५ सालची गोष्ट ही. गाडीला क्लच नव्हता आणि गिअर आपोआप बदलत. साताऱ्यातली माणसं ती बघायला यायची. मुलांना आधार मिळावा म्हणून गिजरे सरांनी स्वतः उभं राहून आत दोन लोखंडी बाक आणि धरायच्या दांड्या बसवून घेतल्या. संस्थेच्या सभेत त्याबद्दल सरांचं कौतुकही झालं.

गाडी चालवायला नाथाजी होते. सैन्यात वीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेला, कोरेगावच्या बाजूचा मितभाषी माणूस. दोन दिवसांत त्यांनी ती बिनक्लचची गाडी हाताखाली आणली. एकेका मुलाला उचलून बाकावर बसवायचे, पायाला आधारासाठी बांधलेले कॅलिपर नीट आहेत का बघायचे आणि मगच गाडी सुरू करायचे.

महिना-दीड महिना बरा गेला आणि गाडी चढाला अडायला लागली. इंजिन चालू असायचं, पण गाडीत ओढ नसायची. बंद करून पुन्हा चालू केली की थोडं अंतर जायची, पुन्हा तेच.

"सर, एक सांगू का?" नाथाजी एकदा कार्यालयात येऊन म्हणाले. "गाडी रिकामी लय झ्याक पळती. पोरं बसली की बिघडती. आन् तवा समोरचा पिवळा दिवा मिचकावतो."

सर हसले. "अहो नाथाजी, वजन वाढलं की कुठलीही गाडी दमणारच की!"

"तसं दमणं न्हाई सर ह्ये. वजनानं दमलेली गाडी मला कळती."

"बरं, बघू. गॅरेजमध्ये दाखवू."

गाडी तीन गॅरेजांत गेली. पहिल्याने तेल बदललं आणि सांगितलं, झालं काम. दुसऱ्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि गिअरचा डबा जळलाय, मुंबईला न्यावा लागेल, असा निकाल दिला. तिसरा रिकामी गाडी पोवई नाक्यापर्यंत फिरवून आला आणि चावी सरांच्या हातात ठेवत म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही सर. दोष चालवणाऱ्यात आहे. ट्रकवाल्याला असली गाडी कशी जमणार?"

तिघांनीही ठणकावून सांगितलं. एकानेही मुलं बसवून गाडी चालवून पाहिली नाही.

मग चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस उजाडला. शाळेची पाच मुलं परीक्षेला बसणार होती. वर्षभर सरांनी त्यांना शाळा सुटल्यावर थांबवून शिकवलं होतं. त्यात यवतेश्वरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरची रेश्मा होती. तिचं गणित असं पक्कं, की सर कधीकधी तिच्याकडूनच आपली बेरीज तपासून घेत.

खालच्या गावांतली चार मुलं आणि त्यांचे आईबाप यांना घेऊन नाथाजी रेश्माला आणायला घाट चढू लागले. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली. बंद केली, चालू केली, शंभर पावलं गेली, पुन्हा थांबली. पिवळा दिवा मिचकावत होता. बापमंडळी उतरून ढकलू लागली. गाडी अडलेली बघून वरून रेश्माचा बाप पोरीला पाठीवर घेऊन धावत खाली आला. त्या रविवारी सकाळी त्या रस्त्याला दुसरं वाहन फिरकलं नाही. शेवटी गाडी वळवून उताराला सोडली आणि रखडत खाली आणली.

परीक्षाकेंद्राच्या फाटकापाशी गिजरे सर घड्याळाकडे बघत उभे होते. मुलं पोचली तेव्हा पहिला पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता.

"गिजरे सर, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं," केंद्रप्रमुख खाली मान घालून म्हणाले. "नियमापुढे माझा इलाज नाही."

रेश्मा बापाच्या पाठीवरून उतरली नव्हती. पेन्सिलींची डबी तिने छातीशी धरली होती. "सर, मला सगळं येतंय," ती म्हणाली. "नुसतं आत सोडा की."

शिकवणारा माणूस आपण, आणि या पोरीला फाटकाच्या आत नेणंसुद्धा आपल्याच्यानं होत नाही, हा विचार सरांना टोचत राहिला.

आठवड्याने संस्थेची सभा झाली. पालक संतापलेले होते. कुणाला तरी दोष द्यायलाच हवा होता. "ड्रायव्हर म्हातारा झालाय." "सकाळी सकाळी घेत असेल." "गॅरेजवालाच म्हणाला ना, दोष चालवणाऱ्यात आहे!" बघता बघता शंकेचा निर्णय झाला आणि निर्णयाचं पत्र. नाथाजींना कामावरून काढण्याच्या त्या पत्रावर मुख्याध्यापकांची सही लागत होती.

नाथाजी सरांसमोर उभे राहिले. "सर, तुमी तरी सांगा त्यांस्नी. मी तुमाला आधीच बोललो व्हतो."

गिजरे सरांना ते आठवत होतं. पण भरल्या सभेत एकट्याने उभं राहायचं धैर्य त्यांना झालं नाही. "समितीचा निर्णय आहे नाथाजी. माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

नाथाजींनी चावी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

नवा ड्रायव्हर आला. तरुण होता, हुशार होता. पंधरा दिवसांत गाडी त्याच्याही हातून त्याच घाटात अडली आणि तोही सोडून गेला. गाडी शाळेच्या आवारात उभी राहिली. अकरा मुलं घरी बसली. सर रोज हजेरी घेत. त्या अकरा नावांपुढे गैरहजेरीची खूण करताना त्यांचा हात जड होई.

एका पालकाने सांगलीच्या भाऊसोंचं नाव सुचवलं. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम करून निवृत्त झालेले भाऊसो आता पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. सर एसटीने सांगलीला गेले. तिन्ही गॅरेजांनी काय काय सांगितलं, ते भाऊसोंनी सरांकडून ऐकून घेतलं.

"काय झालं असेल?" सरांनी आशेने विचारलं.

"मला ठाऊक न्हाई," भाऊसो म्हणाले.

सर दचकले. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यांना कुणीच ऐकवलं नव्हतं.

"बघितल्याबिगर कसं सांगू? आन् असली गाडी मी पयल्यांदाच बघनार. येतो रविवारी."

भाऊसो आले ते एक मीटर, एक छोटा बल्ब आणि वायरचं भेंडोळं घेऊन. आधी त्यांनी बॅटरीची टोकं घासून साफ केली. मग गाडीखाली जाऊन डब्याकडे जाणारा विजेचा जोड काढून टाकला.

"आता ह्या डब्याला वीजच न्हाई," ते म्हणाले. "दांडा हातानं हलवून चालवायची. डबा जळला असंल तर काय बी केलं तरी ओढायचा न्हाई."

ते गाडी घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. "डबा धडधाकट हाय सर. दांडा हलवला की गिअर येगयेगळं पडत्यात. रोग तारंत हाय."

मग एकेक तार त्यांनी मीटर लावून तपासली. दुपार झाली. सगळ्या तारा नीट निघाल्या. सरांचा चेहरा उतरला.

"उभ्या गाडीत रोग दिसंना," भाऊसो घाम पुसत म्हणाले. "कवा बिघडती, कशी बिघडती, त्ये चालवनाऱ्यालाच ठाऊक. त्येला बोलवा की."

सर खाली पडलेली वायर गुंडाळू लागले.

"कुठं हाय त्यो?"

"काढून टाकलं त्याला," सर हळू आवाजात म्हणाले.

भाऊसोंनी मीटर खाली ठेवला. "सर, डॉक्टर आजाऱ्याला विचारतो, काय व्हतंय. तुमी आजाऱ्यासंगं ऱ्हानाऱ्या मानसालाच घराभाईर काढलं. आता मी कुनाला विचारू?"

दुसऱ्या दिवशी, भाऊसोंना शाळेतच थांबवून, गिजरे सर नाथाजींच्या गावी गेले. दारात नाथाजींच्या थोरल्या बहीण अंबूबाई धान्य पाखडत होत्या. त्यांनी सरांना बसा म्हटलं नाही.

"आता कशाला आलाय? गाव म्हनतंय नाथाजी पितो, म्हनून काढला. सुपारीचं खांड तोंडात घालत न्हाई त्यो मानूस! महिना झाला, कुनाच्या लग्नाला न्हाई, कुनाच्या दारात न्हाई. घरातच बसतोय."

नाथाजी आतून आले. सरांनी हात जोडले. "नाथाजी, गाडीला नक्की काय व्हायचं, ते पुन्हा सांगाल का? या वेळी मी ऐकतो."

अंबूबाईंकडे न बघता नाथाजींनी टोपी चढवली. "पोरांची गाडी हाय, म्हनून येतो. तुमच्यासाठी न्हाई."

शाळेत आल्यावर नाथाजींचं "पोरं बसली की बिघडती" हे वाक्य ऐकताच भाऊसो ताडकन उठले. "आन् रिकामी असली की?"

"कायबी व्हत न्हाई."

"दिवा?"

"मिचकावतो. पोरं बसल्यावरच."

"आरं गड्या, रोगाचा पत्ताच दिलास की!"

शाळेच्या आवारात बांधकामाची वाळू होती. गोण्या भरून त्यांनी बाकांवर ठेवल्या. गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपेच्या तारेला बल्ब जोडून तो भाऊसोंनी पुढे काचेपाशी टांगला. नाथाजी स्टिअरिंगवर, भाऊसो शेजारी, सर मागे गोण्यांबरोबर. घाटाच्या पायथ्याला बल्ब लख्ख होता. दुसऱ्या वळणावर खड्ड्यातून गाडी गेली, बाक करकरला आणि बल्ब विझला! पिवळा दिवा मिचकावू लागला आणि गाडीची ओढ गेली.

"थांबीव!"

भाऊसोंनी गोण्या बाजूला केल्या आणि मागच्या बाकाखालची चटई उचलली. बाकाच्या पायाचा स्क्रू पत्र्यातून आरपार खाली गेला होता. खालून जाणाऱ्या तारांच्या जुडग्यातल्या एका तारेचं वेष्टण त्याने फोडलं होतं. बाक रिकामा असला की स्क्रू तारेपासून केसभर लांब राही. वजन आलं, की पत्रा दबे आणि स्क्रू उघड्या तांब्याला टेके. वीज पत्र्यात उतरे, गाडी झडपेचा पुरवठा तोडून टाके आणि गिअर अडकून पडे.

"ह्यो बाक कुनी बसवला?" भाऊसोंनी विचारलं.

घाटात वारा सुटला होता. सर त्या स्क्रूकडे बघत राहिले. "मी," ते म्हणाले. "मीच बसवून घेतला. नाथाजी, माझ्या चुकीची शिक्षा तुम्ही भोगलीत!"

नाथाजी गोण्या उचलून पुन्हा लावू लागले. भाऊसोच म्हणाले, "सर, स्क्रू चुकून बसला, त्येचं काय वाटून घेऊ नगा. पर ह्यो मानूस खरं सांगत व्हता, तुमी त्येच्या कपड्याकडं बघितलं आन् गॅरेजवाल्याच्या पाटीकडं बघितलं. तीन जन ठाऊक नसताना ठाऊक हाय म्हनालं, त्यांच्यावर इस्वास ठेवला. ज्येला ठाऊक व्हतं, त्येला घरी बसवलं. तार जोडाय मला दहा मिन्टं लागत्यात. ह्ये कसं जोडनार?"

तार जोडली गेली, स्क्रू आखूड झाला. गोण्यांसकट गाडी यवतेश्वरला चढली. सरांनी पुढच्या सभेत आपली चूक उभं राहून सांगितली आणि नाथाजींना परत घ्यायचा ठराव मांडला. तो मंजूरही झाला. पण नाथाजी म्हणाले, "नोकरीचं मागनं बघू. आधी गावात येऊन सांगा."

म्हणून एका संध्याकाळी गिजरे सर नाथाजींच्या गावच्या दूध डेअरीवर गेले. घागरी घेऊन आलेल्या रांगेसमोर त्यांनी मोठ्याने सांगितलं, की नाथाजी प्यायले नव्हते, त्यांनी आधीच खरं सांगितलं होतं आणि चूक माझी होती. काहींनी माना डोलावल्या. काही जण दूध घालून तसेच निघून गेले. गाव महिनाभर जे बोललं होतं ते किती घरांत पोचलं होतं आणि आपलं हे बोलणं किती घरांत पोचेल, याचा हिशेब सरांना मांडता येईना. एका म्हाताऱ्याने मात्र विचारलं, "समदं खरं मास्तर. पर त्या पाच पोरांची परीक्षा?"

चौथीची परीक्षा चौथीतच असते. ती पुन्हा देता येत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. नाथाजींनी रेश्माला उचलून बाकावर बसवलं आणि गाडी घाट उतरून वेळेवर शाळेत आली. रेश्मा आता पाचवीत होती. गिजरे सरांनी त्या दिवसापासून एक नियम केला. शिपाई असो, स्वयंपाकीण असो, नाहीतर दुसरीतलं पोर असो, कुणी काही सांगायला आलं की हातातलं काम ठेवायचं, पुरतं ऐकायचं, आणि कळलं नाही तर "मला कळलं नाही" असं म्हणायचं. पहिल्यांदा ते म्हणताना त्यांना जड गेलं.

वाचकहो, आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत असे किती नाथाजी रोज काही सांगत असतात! ते शिकलेले नसतात, म्हणून आपण हसतो. चौकशीआधी शिक्षा ठरवतो, आणि ती नेहमी सगळ्यांत दुबळ्या माणसाच्या वाट्याला येते. दोष शोधायला धीर लागतो, गुन्हेगार शोधायला लागत नाही. म्हणून आपण गुन्हेगार शोधतो. काम करणाऱ्या माणसाचं ऐका. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आणि खरं बोलणारा एकटा पडलेला दिसला, तर सही करण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. उशिरा मागितलेली माफी चांगलीच; पण बंद झालेलं फाटक ती उघडू शकत नाही.