चुलीचं तोंड

सात रस्त्याजवळच्या लिंबाखाली रंभाबाईचा संसार होता. संसार म्हणजे काय, तर दोन गोणपाटं, एक तवा, तीन दगडांची चूल आणि खोकून खोकून अर्धी झालेली सासू, बजाबाई. नवरा कोंडीबा मंगळवेढ्याला गेला होता. लेक वच्छला मामाकडे ठेवली होती, तिला आणायला. जाताना त्यानं बजावलं होतं, "म्या येस्तवर हितनं हलू नगा."

आणि नेमकी दवंडी पिटली गेली. शहरात उघड्या जागेवर कुणी राहायचं नाही, चूल पेटवायची नाही. शहर स्वच्छ दिसलं पाहिजे म्हणे. माणसं नजरेआड केली की शहर स्वच्छ होतं, हा शोध ज्यानं लावला त्याला एकदा त्या लिंबाखाली निजवायला हवं होतं.

शिपाई आले. त्यातल्या त्यात मऊ बोलणारा पीरसाब म्हणाला, "बाई, विजापूर नाक्याच्या पल्याड जावा. काय करू, वरचा हुकूम हाय."

"भाऊ, आमचं मालक आलं तर सांगाल का, आमी नाक्यावर हाय म्हून?"

"मला उद्या कुटं धाडत्यात, मलाच ठावं न्हाय."

मग एकच उपाय उरला. त्यांच्या गावची माणसं पोटामागे बाहेर पडली की चूल मोडत नसत. ज्या वाटेनं जायचं त्या दिशेला तिचं तोंड करून ठेवत. मागून येणारा ते बघे, 'बघितलं, येतोय' म्हणून चुलीच्या तोंडात खडा ठेवी आणि त्या वाटेला लागे. रंभाबाईनं चुलीचं तोंड विजापूरकडे, म्हणजे दक्षिणेला केलं.

बजाबाई कडाडली. "दक्षिनेला तोंड? माणूस मेल्यावर करत्यात तसली चूल! माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस व्हय गं?"

"आत्याबाई, पर आपुन तिकडंच चाललोय की."

"उगवतीकडं वळीव. कोंडीबा लई शाना हाय. समजून घील त्यो."

रंभाबाईच्याही मनात पाल चुकचुकत होतीच. कुंकवाचा प्रश्न होता. तिनं दगड वळवले. चुलीचं तोंड उगवतीला, अक्कलकोटच्या वाटेकडे झालं.

नाक्यापलीकडे बसायला सावलीही नव्हती. म्हातारीला टाकून शहरात जाऊन येणं जमेना. बजाबाई रोज विचारायची, "आला का गं?" एका दुपारी तिनं विचारलं नाही. नाक्यावरच्या गाडीवानांनी तिला माती दिली.

रंभाबाई तशीच लिंबाकडे धावली. चूल जागेवर होती. चुलीच्या तोंडात एक खडा होता, आणि त्याला चिकटून एक बारका खडा. वच्छलाचा.

बापलेक येऊन गेले होते. चुलीनं दाखवलेल्या वाटेला लागले होते. रंभाबाई चुलीपाशी बसली. दोन जीव तिलाच शोधत होते आणि पावलागणिक तिच्यापासून लांब चालले होते. हे सांगायचं कुणाला आणि रागवायचं कुणावर? त्यांच्या मागे जावं, तर ते कुठवर पोचले असतील? ते माघारी फिरले, तर याच झाडाखाली येणार. आणि इथं तर बसायची मनाई.

शेवटी तिनं डोळे पुसले, दोन्ही खडे मुठीत घेतले आणि चुलीचं तोंड सरळ दक्षिणेला केलं. आता घरातलं माणूस गेलंच होतं, भ्यायचं कशाला? कोंडीबाला दोन्ही कळलं असतं. आई गेली हेही, आणि बायको कुठं आहे हेही.

"उठा बाई," मागून पीरसाबचा आवाज आला. तो हातगाडी ढकलत आला होता. "आन् त्या दगडांना हात लावू नगा. लोक फिरून चुली मांडत्यात, म्हून दगडं बी उचलायचा हुकूम आलाय."

"भाऊ, येवढे तीन ऱ्हाऊ द्या. माझा माणूस ह्येच बघाया येईल."

पीरसाबनं तिच्याकडे बघायचं टाळलं. एकेक करून तिन्ही दगड त्यानं गाडीत टाकले आणि गाडी पुढे ढकलली. लिंबाखालची जागा आता अगदी स्वच्छ झाली होती.