उजव्या हातानं वाढलेलं वरण

शैलाच्या उपचार केंद्रात भिंतीवर एक तक्ता होता आणि त्या तक्त्यावर तिचा भारी जीव होता. लकव्यानं ज्यांचा हात गेला आहे त्यांनी कोणत्या आठवड्यात काय शिकायचं, ते सगळं त्यात क्रमानं मांडलेलं. शर्टाची बटणं लावायची, डाव्या हातात चमचा धरून जेवायचं, कपबशी उचलायची, वर्तमानपत्राची घडी घालायची. शैला व्यवसायोपचार करायची. म्हणजे आजारानं ज्यांची रोजची कामं सुटली, त्यांना ती पुन्हा करता यावीत म्हणून शिकवायची. मनापासून शिकवायची, यात वादच नाही.

"माझ्याकडे वशिला चालत नाही," ती अभिमानानं सांगायची. "कलेक्टर येवो नाहीतर शेतकरी, तक्ता एकच!"

ऐकायला किती छान वाटतं, नाही का? आपल्यालाही वाटलं असतं.

तिचे सगळ्यात लाडके पेशंट म्हणजे शहरातल्याच समर्थनगरचे अनंतराव. बँकेतून निवृत्त झालेले, आणि तक्ता असा पार पाडत होते की जणू पुढच्या बढतीची परीक्षाच आहे. त्यांच्याच वेळेला येणारे कडूबा मात्र तिच्या डोक्याला ताप झाले होते. कन्नडकडच्या एका खेड्यातले शेतकरी. उजव्या हातात थोडीफार हालचाल परतली होती, पण पकड अजून कच्ची होती. सोबत बायको, मनकर्णाबाई.

त्या शनिवारी दोघं उशिरा आली.

"काका, पुन्हा उशीर!"

"एसटी दौलताबादच्या वेशीत आडकली, म्याडम," मनकर्णाबाई म्हणाल्या. "किल्ला पाह्यला लई गाड्या आल्या व्हत्या."

"मग शनिवारी लवकर निघायचं."

"त्याच्या आधी गाडीच नाय, बाई."

शैलानं ते ऐकलं न ऐकलं केलं आणि वरणभाताची वाटी टेबलावर ठेवली. "घ्या. डाव्या हातात चमचा."

कडूबांनी डावा हात हळूच मांडीखाली सरकवला. "त्या हातानं नाय, म्याडम."

"काका, हात तो हात. उजवा पुरता कधी सुधारेल, सांगता येत नाही. तोवर उपाशी राहणार का?"

"उपाशी कामून राहीन? ही भरवती."

"अहो, मी बघा की!" पलीकडून अनंतराव उत्साहानं म्हणाले. "डाव्या हातानं पोहेसुद्धा खातो. एक शेंगदाणा सांडत नाही!"

कडूबा हसले, पण हात काही बाहेर आला नाही. शैलाचा संयम सुटला. "तुम्हाला सहकार्यच करायचं नसेल तर मी काय करणार? सोमवारपासून तुमची वेळ दुसऱ्या कुणाला तरी देते."

कडूबांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि ते उठून बाहेर गेले. भांडले असते तर बरं झालं असतं, असं शैलाला वाटून गेलं.

बाहेरच्या बाकावर भानुमतीबाई बसल्या होत्या. शैलाला कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. आता निवृत्त झाल्या होत्या, पण दर शनिवारी चहाला यायच्या आणि बसल्या जागी सगळं बघायच्या. त्यांनी मागून आलेल्या मनकर्णाबाईंना जवळ बसवलं आणि साधं विचारलं, "काकांना काय करायची आवड होती हो?"

मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. "गावात कुणाचंबी लगन आसू द्या, वरणाची बादली ह्यांच्याच हातात. जातपात नाय, भावकीचं भांडण नाय, ह्यांनी वाढल्याबिगर पंगत उठत नाय. आता आखाजीनंतर, तुमच्या अक्षय तृतीयेनंतर, आमच्या नातीचं लगन हाय. आन् हे म्हनतेत, मी त्या दिवशी रानातच थांबतो. डाव्या हातानं वाढलं तं पाव्हन्याचा आपमान व्हतो ना, बाई. घरीबी भिंतीकडं तोंड करून जेवतेत. म्हनतेत, भरवून घेतानी नातवंडांनी पाहू नये."

दोघं एसटी स्टँडकडे निघाली. भानुमतीबाई आत आल्या. चहाला हात न लावता त्यांनी शैलाला विचारलं, "कडूबांना कोणतं काम पुन्हा करायचंय?"

शैलानं फाइल पुढ्यात ओढली. कडूबांचं ब्लडप्रेशर तिला पाठ होतं. खांदा किती वर जातो, अंगठा किती वळतो, सगळं पाठ होतं. पण हे मात्र तिनं कधी विचारलंच नव्हतं! मग बाईंनीच तिला वरणाच्या बादलीचं आणि नातीच्या लग्नाचं सगळं सांगितलं.

"तुझ्या घरी जेवायला कसे बसता?" बाईंनी पुढचा प्रश्न टाकला.

"टेबलावर."

"अनंतरावांच्या घरी?"

"तेही टेबलावरच."

"म्हणून त्यांना तुझा तक्ता मानवतो. तो त्यांच्या घरातून आणि तुझ्या घरातूनच आलाय. कडूबा बंडी घालतात, तिला बटणं नाहीत. मांडी घालून जेवतात, हातानं जेवतात. त्यांचं घर या तक्त्यात कुठंय, दाखव मला."

शैलाला हे फार लागलं. "पण बाई, मी भेदभाव केला का? सगळ्यांना अगदी सारखं शिकवलं!"

"सारखं शिकवलंस, हेच तर चुकलं! नेम धरून कुणाला वगळलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण माप तुझ्या घरचं घेतलंस आणि ज्याला ते बसलं नाही, त्यालाच दोष दिलास. उशिराचंही तेच. अनंतराव दहा मिनिटांत रिक्षानं येतात. कडूबांना एसटीची वाट बघावी लागते. दोघांना एकच वेळ दिलीस, म्हणून ती दोघांना सारखी पडली का गं?"

शैला खिडकीशी जाऊन उभी राहिली. आधी राग आला. मग डोळ्यांसमोर मांडीखाली सरकणारा तो डावा हात आला, आणि रागाची जागा शरमेनं घेतली. ज्या माणसाला पाहुण्यांचा मान राखायचा होता, त्याला आपण असहकारी म्हणालो!

तिनं स्कूटीची किल्ली उचलली.

स्टँडवर कन्नडची गाडी सुटायच्या बेतात होती. शैला घाईनं आत चढली. कडूबा खिडकीपाशी बसले होते.

"काका, पंगतीत वरणाच्या आधी काय वाढतात हो?"

कडूबा दचकले. म्याडम रागावायला आल्या की काय, असं त्यांना वाटलं. "आधी... आधी मीठ, म्याडम. मंग भाजी, कनकेची बट्टी. बट्टी कुस्करली का मंग वरण." बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळत गेला. "वरण गरम लागतं. पाव्हन्याला वाट पाहू द्यायची नाय!"

"मला शिकवाल? आणि मी तुमच्या उजव्या हाताला शिकवते. माझं चुकलं, काका. मी आधी विचारायला पाहिजे होतं. हात पहिल्यासारखा होईल असं वचन देत नाही, पण नातीच्या लग्नात बादली तुमच्या हातात यावी म्हणून आपण जिवाचं रान करू!"

"म्याडम," मागून कंडक्टर ओरडला, "गाडीत बसायचंय का उतरायचंय?"

अख्खी गाडी हसली. मनकर्णाबाई हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या.

मग काय विचारता! केंद्रातली टेबलं भिंतीला लागली आणि मधे सतरंजी पसरली. कडूबांची वेळ दुपारची झाली आणि शनिवारची गर्दी टळावी म्हणून वारही बदलला. शैलानं वरण वाढायच्या ओगराळ्याच्या, म्हणजे खोल डावाच्या, दांड्याला फोम आणि जुनी सुती पट्टी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे कच्च्या पकडीतही तो मावेल. डाव्या हाताला बादली धरायचा मान मिळाला, त्यामुळे त्याचीही तक्रार राहिली नाही. आधी रिकामं ओगराळं, मग त्यात ज्वारी, मग पाणी. सतरंजी दर वेळी भिजायची आणि मनकर्णाबाई ती दर वेळी वाळत घालायच्या.

पंगतीला बसायला पेशंट होतेच. अनंतराव सगळ्यात आधी तयार झाले, पण गुडघे त्यांना खाली बसू देईनात.

"त्यांना स्टूल आना की!" कडूबा म्हणाले. "पंगत म्हंजी काय सगळ्यांनी भुईलाच बसावं आसं नाय."

शैलानं स्टूल आणलं.

एक दिवस ओगराळं पार निसटलं आणि अनंतरावांच्या पायजम्यावर पाणी सांडलं. कडूबांचा चेहरा पडला. "नाय जमनार, म्याडम. भर मांडवात आसं झालं तं?"

"तर मी दुसरा पायजमा घालून येईन!" अनंतराव गरजले. "भरा हो, पुन्हा भरा!"

आखाजी झाली आणि लग्नाचा दिवस उजाडला. भानुमतीबाई, शैला आणि अनंतराव जीप करून कन्नडला आणि तिथून खेड्यात पोचले. मांडवात पहिली पंगत बसली. मीठ आलं, भाजी आली, बट्टी आली. आणि मग डाव्या हातात अर्धी भरलेली बादली, उजव्या हातात ते जाड दांड्याचं ओगराळं घेऊन कडूबा पुढे झाले. बादली भरून द्यायला मनकर्णाबाई मागे उभ्या.

सगळ्या माना तिकडे वळल्या. ओगराळं उचललं गेलं, थोडं थरथरलं. वरण पत्रावळीत अलगद उतरलं!

"पातळ का घट्ट?" कडूबांनी पुढच्या पाहुण्याला विचारलं, आणि सगळ्या माना पुन्हा आपापल्या पानांकडे वळल्या.

ते असेच विचारत विचारत पुढे सरकत होते. एका बोळक्या म्हातारबाबांना त्यांनी बट्टी आधी बारीक कुस्करून घ्यायला सांगितली आणि वर दोनदा वरण वाढलं. लहान मुलांना थोडंच. खुर्चीवर बसलेल्या अनंतरावांजवळ बादली जरा उंच धरली. पंगत एक होती, वरण एक होतं, पण वाढणं ज्याच्या त्याच्या पानाप्रमाणे होतं. शैला बघत राहिली. बाईंनी सांगितलेलं सगळं इथं तिच्या पुढ्यात वाढलं जात होतं.

तिच्या पानाशी मात्र हात किंचित हलला आणि एक थेंब साडीवर पडला.

"आग्गाई! म्याडमच्या साडीवर!"

"पडू द्या, काका," शैला म्हणाली. "अजून वाढा."

शेवटच्या पंगतीत कडूबा स्वतः जेवायला बसले. मांडवाकडे तोंड करून, नातवंडांच्या मधे. उजव्या हातानं, हळूहळू, एकेक घास घेत. मनकर्णाबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांचं स्वतःचं जेवण तसंच राहिलं होतं.

केंद्रातला तक्ता आजही आहे, पण त्याच्या वर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'तुम्हाला कोणतं काम पुन्हा करायचंय?' शैला आधी ते विचारते, मग उपचार ठरवते.

वाचकहो, आपणही कुठे शिकवतो, कुठे खिडकीमागे बसून लोकांची कामं करतो, कुठे घर चालवतो. सगळ्यांना एकच माप लावलं की आपण न्यायानं वागलो, असं आपल्याला वाटतं. पण ते माप कुणाच्या घरचं आहे, हे एकदा तपासून बघू या. समता म्हणजे सगळ्यांच्या पानात डोळे मिटून सारखंच टाकणं नव्हे. समोर बसलेल्या माणसाला मानानं विचारायचं आणि मग वाढायचं. एवढं जमलं, तर आपल्या पंगतीत कुणालाही भिंतीकडे तोंड करून जेवावं लागणार नाही.